दगडी, मालदांडी, गुळभेंडी: घरचे ज्वारीचे बियाणे निवडण्याची आणि टिकवण्याची रीत

रब्बी ज्वारीची काढणी सुरू होण्याच्या आठ-दहा दिवस आधी माझी चुलती जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या कमरेला खोचून रानात जात असे. ती धुऱ्याकडच्या ओळी सोडून थेट रानाच्या मधोमध उतरायची. एखादे ताट डोळ्यांत भरले की आधी ते बुडाशी धरून हलवून बघायची, मग कणीस वाकवून त्याच्या मधल्या भागातले दोन दाणे काढायची, त्यांचे बूड नखाने उघडून पाहायची, एक दाणा दाताखाली धरायची आणि मन भरले तरच त्या ताटाला चिंधी बांधायची. चिंधीचे ताट मजुरांनी उपटायचे नाही, असा दंडक होता. राशीतले धान्य कितीही टपोरे असले तरी त्यातून तिने बियाणे कधी घेतले नाही.

पुढे मळणी यंत्र आले, चिंध्या मागे पडल्या आणि आम्ही राशीतूनच पायलीभर ज्वारी बियाण्यासाठी बाजूला काढू लागलो. तीन-चार वर्षांतच आमच्या दगडी ज्वारीत बुटकी ताटे दिसू लागली, काही कणसे मोकळी तर काही घट्ट येऊ लागली, आणि कडब्याच्या पेंड्या एकसारख्या बांधता येईनात. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. यंत्र आमच्या खळ्यावर येण्याआधी दुसऱ्याच्या खळ्यावर चाललेले असायचे आणि त्याच्या पोटात राहिलेले दाणे आमच्या राशीत उतरायचे. ते दाणे पुढच्या वर्षी उगवले, फुलले आणि त्यांचा पराग आमच्या कणसांवर पडला. यंत्रवाल्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. चूक निवड सोडून देण्याची होती, आणि ती आमची होती. मूळ बी परत मिळाले ते चुलतीच्या माहेरच्या गावातून, दोन शेर.

या अनुभवातून जी गोष्ट मला पटली ती हा लेख लिहिण्यामागे आहे. गावरान वाण टिकतो तो उभ्या पिकात दरवर्षी केलेल्या निवडीमुळे. कोठी त्याला फक्त काही महिने सांभाळते. ही निवड नेमकी कशी करावी, ते पुढे क्रमाने सांगतो. मुख्य उदाहरण रब्बी ज्वारीचे घेतले आहे, कारण मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात घरच्या बियाण्याची परंपरा आजही याच पिकात सर्वांत घट्ट आहे.

वाण ठरवताना

सर्वप्रथम आपल्याला काय जपायचे आहे ते स्पष्ट असावे. मालदांडी ३५-१ हा वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडला गेला आणि भाकरीची चव, दाण्याची चमक आणि कडबा या तीन गुणांवर आजपर्यंत टिकून राहिला. म्हणजे आज ज्याला आपण सुधारित वाण म्हणतो, तोही कोणा शेतकऱ्याच्या रानातल्या कणसांतूनच आलेला आहे. दगडी ज्वारीचा दाणा नावाप्रमाणे टणक असतो. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुळभेंडी, कुचकुची, सुरती हे हुरड्याचे वाण आहेत. त्यांचा दाणा कोवळेपणी गोड असतो आणि चोळला की तुसातून सहज सुटतो.

हुरड्याच्या वाणांबाबत एक सूचना आधीच देतो, कारण हे वाण याच कारणाने हातचे जातात. आगटी पेटली की पाहुण्यांना द्यायला आपण सर्वांत भरदार कणसे खुडतो, आणि मागे राहतात ती चिमलेली किंवा उशिरा निसवलेली, म्हणजे ताटातून उशिरा बाहेर पडलेली. त्यांचेच बी पुढच्या वर्षी पेरले जाते. न कळत आपण दरवर्षी वाईटाची निवड करत जातो. म्हणून हुरड्याच्या वाणात बियाण्याची ताटे दाणा चिकात असतानाच, म्हणजे हुरडा सुरू होण्यापूर्वी, खूण करून ठेवावीत. वेळ अमावास्येला सगळे घर रानात असते. लातूर, धाराशिव भागात तोच दिवस या कामासाठी ठरवून टाकला तर विसर पडणार नाही.

रब्बीचे बहुतेक गावरान वाण दिवस लहान होऊ लागले की निसवतात. त्यामुळे खरिपात पेरलेली गावरान रब्बी ज्वारी नुसतीच उंच वाढत राहते. वाण दुसऱ्या भागातून आणला असेल तर पहिल्या वर्षी चार-सहा ओळीच पेराव्यात आणि आपल्या रानात तो कधी निसवतो, हे पाहावे. काळ्या भारी जमिनीतला वाण बरड माळावर तसाच वागेल असे धरून चालू नये.

पेरणी आणि जागा

बियाण्याचा तुकडा वेगळा राखावा, तो दोन गुंठ्यांचा असला तरी चालेल. हस्त नक्षत्राच्या आसपास, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, रानात ओल असताना वाफशावर पेरणी करावी. दोन ओळींत ४५ सेंटीमीटर आणि दोन ताटांत १५ सेंटीमीटर अंतर ठेवले तर एकरी ४ किलो बियाणे लागते. बियाण्याच्या तुकड्यात विरळणी मन घट्ट करून करावी. दाट पिकात चांगले ताट कोणते आणि नुसते जागा मिळाल्याने वाढलेले ताट कोणते, हे ओळखता येत नाही.

पेरण्यापूर्वी दर किलो बियाण्याला ३०० मेश, म्हणजे अगदी बारीक, गंधकाची ४ ग्रॅम भुकटी चोळावी. काणी रोगाचे बीजाणू दाण्याला चिकटून येतात आणि कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. घरचे बियाणे वापरणाऱ्यांकडून हा एक उपाय हमखास राहून जातो, आणि मग दोष गावरान वाणाला दिला जातो.

आता परागाचा प्रश्न. ज्वारीच्या कणसात बहुतांश दाणे स्वतःच्याच परागाने धरतात, परंतु साधारण ५ ते १५ टक्के दाण्यांना वाऱ्याने आलेला परका पराग लागू शकतो, आणि मोकळ्या कणसात हे प्रमाण अधिक असते. प्रमाणित (शेतकऱ्याला विकल्या जाणाऱ्या) बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून १०० मीटर आणि पायाभूत (ज्यातून प्रमाणित तयार होते त्या) बियाण्यासाठी २०० मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. दोन-तीन एकरांच्या धारणेत आणि चहूबाजूंनी शेजाऱ्यांची ज्वारी असताना हे अंतर मिळणे अवघड असते, हे मी जाणून आहे. अशा वेळी तीन मार्ग राहतात.

पहिला मार्ग शेजाऱ्याशी बोलण्याचा आहे. लगतच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी एकच वाण पेरला, तर सगळ्यांचे मिळून अंतर तयार होते. दुसरा मार्ग असा, की आपल्याच वाणाचे पीक सर्व बाजूंनी ठेवून बियाणे फक्त मधल्या भागातून घ्यावे. चुलती धुऱ्याकडच्या ओळी सोडायची त्यामागे हेच शहाणपण होते. तिसरा मार्ग कणसांना पिशव्या बांधण्याचा, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. पेरणी मागेपुढे करून फुलोऱ्याची वेळ टाळावी, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. पण रब्बीचे गावरान वाण दिवसाच्या लांबीप्रमाणे निसवत असल्याने पेरणीतले वीस दिवसांचे अंतर फुलोऱ्यापर्यंत बरेच कमी होऊन जाते. या उपायावर एकट्यावर विसंबून राहू नये.

धुऱ्यावर किंवा ओढ्याकाठी बरू असेल तर तो फुलण्याआधी खणून काढावा. बरू ज्वारीच्याच कुळातला आहे आणि त्याचा पराग ज्वारीला लागतो.

भेसळ काढणे

रानातून तीन वेळा फिरावे. पहिली फेरी पीक पोटरीत येण्याआधीची, म्हणजे कणीस वरच्या पानाच्या आवरणात भरण्याआधीची. या वेळी ताटाची उंची, पानाच्या मधल्या शिरेचा रंग, पेरांची जाडी आणि फुटवे पाहावेत. दुसरी फेरी निसवण्याच्या वेळची, आणि तीच खरी महत्त्वाची. वेगळे दिसणारे कणीस पराग सांडण्यापूर्वी उपटून रानाबाहेर नेले पाहिजे. ज्वारीचे कणीस शेंड्याकडून बुडाकडे फुलत जाते आणि सगळे कणीस फुलायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे शेंड्याला पिवळे परागकोष लोंबू लागले म्हणजे उशीर झालाच, असे समजावे. या आठवड्यात रोज सकाळी लवकर एक फेरी मारणे जमले तर फार उत्तम. तिसरी फेरी दाणा भरल्यावरची. तेव्हा दाण्याचा रंग, तुसाचा रंग आणि कणसाची ठेवण पाहावी.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. गावरान वाणातली सगळी ताटे एकाच मापाची नसतात आणि नसावीत. त्यात दोन-चार दिवस आधी निसवणारी ताटे असतात, काही उशिराची असतात, काहींचे कणीस थोडे वाकलेले असते. ऑक्टोबरमध्येच ओल उडाली तर लवकरची ताटे तगतात आणि डिसेंबरात एखादा पाऊस झाला तर उशिराची भरतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दाणा येतो तो या विविधतेमुळे. त्यामुळे भेसळ काढताना उघडपणे परकी ताटे काढावीत. सारखेपणाच्या हौसेपायी वाणाचे अंगभूत वैविध्य छाटून टाकणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत; त्यांचे रान देखणे दिसते, पण एका वाईट वर्षात ते पूर्ण बसते.

ताटांची निवड

निवडीत कणीस शेवटी पाहावे, आधी ताट पाहावे. खोडमाशीने पोंगा (मधला कोवळा शेंडा) मरून फुटव्यावर वाढलेले, मावा पडून पानांवर चिकटा साचलेले किंवा कलंडलेले ताट सोडून द्यावे. खडखड्या रोग फुलोऱ्यानंतर ओलीचा ताण पडला की येतो. खोड बुडाशी पोकळ होते आणि ताट हलवले तर खुळखुळते. ताट बुडाशी धरून हलवण्याचा चुलतीचा प्रघात त्यासाठीच होता. शेजारची ताटे मेल्यामुळे मोकळी जागा मिळून पोसलेले ताटही फसवे असते. सभोवती पूर्ण गर्दी असताना, त्याच ओलीवर, ज्याने भरदार कणीस दिले, ते ताट खरे. खत किंवा पाणी जास्त मिळालेल्या सखल कोपऱ्यातली ताटेही याच कारणाने वगळावीत.

दाणा पक्व झाला की नाही, हे त्याच्या बुडाशी कळते. कणसाच्या मधल्या भागातला दाणा काढून जेथे तो तुसाला चिकटलेला होता ते टोक पाहावे. तेथे काळा ठिपका दिसला म्हणजे ताटाकडून दाण्यात काही जाणे थांबले आहे. ठिपका आला तरी दाण्यात पाणी बरेच असते, म्हणून बियाण्याची कणसे त्यानंतर काही दिवस ताटावरच वाळू द्यावीत. मात्र पाखरांची राखण ठेवावी लागते, कारण रानातली बाकी ज्वारी निघाली की सगळी पाखरे उरलेल्या ताटांवर उतरतात. कणसांवर जुन्या धोतराच्या किंवा मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या चढवल्या तर गोफण घेऊन बसण्याचे श्रम वाचतात.

किती ताटे घ्यावीत? शंभराच्या खाली येऊ नये. दहा-वीस देखण्या कणसांवर वाण चालवला तर त्यातले पुष्कळसे गुण दोन-तीन पिढ्यांतच निसटून जातात. हिशेबही सोपा आहे: एका कणसातून ५० ग्रॅम दाणे निघाले असे धरले तर १०० कणसांतून ५ किलो बी मिळते, म्हणजे एक एकर पेरून थोडे राखीवही राहते. त्याहून अधिक पेरा असेल तर त्या प्रमाणात ताटे वाढवावीत. आणि निवड रानाच्या एकाच कोपऱ्यातून न करता मधल्या भागात सर्वदूर फिरून करावी.

वाण अगदीच शुद्ध राखायचा असेल, किंवा शेजारी दुसरा वाण फुलणार हे आधीच ठाऊक असेल, तर वीस-तीस कणसांना कागदी पिशव्या बांधाव्यात. कणीस पोटरीतून पूर्ण बाहेर आले पण शेंडा फुललेला नाही, ही नेमकी वेळ. जाड तपकिरी कागदाची, कणसापेक्षा वीतभर लांब पिशवी वरून घालून दांड्याशी घडी पाडावी, सुतळीने बांधावी आणि पिशवीवर तारीख लिहावी. फुलोरा पूर्ण संपला की, साधारण दोन आठवड्यांनी, कागद काढून कापडी पिशवी घालावी. कागद तसाच राहिला तर आत मावा वाढतो आणि दव पडून बुरशी धरते. ही वीस-तीस कणसे वाणाचे मूळ भांडवल म्हणून वेगळी ठेवावीत आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांचे बी, शंभर ताटांच्या निवडीत भर म्हणून, बियाण्याच्या तुकड्यात पेरावे.

मळणी, वाळवण, साठवण

बियाण्याच्या कणसांना मळणी यंत्र लावू नये, एवढे सांगितले की निम्मा विषय संपतो. यंत्रात परके दाणे मिसळतातच, शिवाय दाण्याला न दिसणारी चीर पडते आणि उगवण घटते. स्वच्छ ताडपत्रीवर कणसे पसरून काठीने हलके बडवावीत, उफणून घ्यावीत आणि फुटके, बारीक, डाग पडलेले दाणे सुपाने पाखडून काढावेत.

वाळवण मात्र घाईत उरकू नये. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात तीन-चार दिवस पातळ थर देऊन वाळवावे, दुपारच्या अति कडक उन्हात सावलीत ओढावे, आणि संध्याकाळी गरम दाणे तसेच भरू नयेत. ते रात्रभर निवू द्यावेत. ज्वारीच्या बियाण्यात साठवणीच्या वेळी १२ टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा नको, आणि पत्र्याच्या हवाबंद डब्यात ठेवायचे असेल तर तो ८ टक्क्यांपर्यंत उतरलेला हवा. घरी ओलावा मोजण्याचे यंत्र नसते, पण एक साधी परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग ज्वारी आणि चमचाभर अगदी कोरडे मीठ घालून झाकण लावावे, चांगले हलवावे आणि दहा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्यात साधारण १५ टक्क्यांहून अधिक पाणी आहे, म्हणजे अजून वाळवणे भाग आहे. मीठ मोकळे राहिले तरी आणखी एक दिवस ऊन द्यावे, असे मी सुचवीन. दाताखाली दाणा चेपला न जाता कट्ट आवाज करून तुटला पाहिजे, ही जुनी कसोटी त्याच्या जोडीला आहेच.

ओलावा एका टक्क्याने कमी केला तर बियाण्याचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरले तरी तसाच फरक पडतो. हे नियम ध्यानात घेतले तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली बियाण्याचे पोते ठेवणे किती घातक आहे, ते वेगळे सांगायला नको. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत भिंतीतले बळद होते, जमिनीत पेव होते, उतरंडीला मडकी होती. त्यांतला सगळ्यांत मोठा गुण गारव्याचा होता. पेव आता फारसे उरले नाही आणि पावसाळ्यात त्यात ओल शिरण्याची भीतीही असे, परंतु मातीचे मडके आजही मिळते आणि पाच-दहा किलो बियाण्याला ते पुरेसे आहे.

मडक्यात भरताना गोवऱ्यांची किंवा लाकडाची पूर्ण निवलेली, चाळलेली, कोरडी राख दाण्यांत मिसळावी. चिमूटभर राखेने काम होत नाही. दाण्यादाण्यांमधली पोकळी राखेने भरून निघाली पाहिजे, तरच सोंड्यांना, म्हणजे दाणा पोखरणाऱ्या किड्यांना, आत हिंडता येत नाही. कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला खाली आणि वर घालावा. ओला पाला घातला तर तोच ओलावा सोडतो. तोंड कापडाने बांधून शेणमातीने लिंपावे आणि मडके जमिनीवर न टेकवता फळीवर, आतल्या गार खोलीत ठेवावे. थोडे बियाणे असेल तर पूर्वीप्रमाणे कणसेच जुडी बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगावीत. धुराने कीड लागत नाही. गॅस आल्यापासून ती सोय बहुतेक घरांत राहिलेली नाही.

सगळे बियाणे एकाच मडक्यात ठेवू नये, आणि सगळे एकाच वर्षी पेरूही नये. रब्बीत ओल उडून पेरणी मोडली तर दुबार पेरायला बी हवे, आणि ते वर्ष पूर्णच कोरडे गेले तर पुढच्या वर्षासाठी हवे. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्याने बाहेरून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, हे त्या पिढीतले लोक अजून सांगतात. बियाण्याला हात लावायची वेळ घरावर आली की काय गमावले जाते, हे त्यांना विचारावे. म्हणून एक भाग पेरणीला, एक भाग दुबारला आणि एक भाग दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे ठेवावा. आमचे बी परत मिळाले ते असेच.

उगवण तपासणी

पोळ्याच्या सुमारास, म्हणजे पेरणीला महिना असताना, ही तपासणी करावी. मडक्याच्या वरून, मधून आणि तळातून दाणे घेऊन ते एकत्र करावेत आणि न निवडता १०० दाणे मोजावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडून गुंडाळी करावी आणि सावलीत ओलसर ठेवावी. चौथ्या दिवशी पहिली मोजणी आणि दहाव्या दिवशी शेवटची. मूळ आणि कोंब दोन्ही नीट आलेले दाणेच मोजावेत. ७५ किंवा अधिक उगवले तर नेहमीचे एकरी ४ किलो पुरे. ६० उगवले तर ४ किलोचे ५ किलो करावे. ५० च्या खाली आले तर ते बियाणे तुकड्यापुरते पेरून वाण वाचवावा आणि मोठ्या पेऱ्यासाठी दुसरीकडून बी मागावे.

वाण बिघडलेला असेल तर

ज्यांच्याकडे मूळ बी मागायला चुलतीचे माहेर नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत आहे. त्यात दोन वर्षे जातात, पण ती खात्रीची आहे.

मिसळ झालेल्या रानातून मूळ वाणासारखी दिसणारी १०० कणसे निवडावीत. ती एकत्र न मळता प्रत्येक कणीस स्वतंत्र मळून कागदी पुडीत भरावे आणि पुडीला क्रमांक द्यावा. पेरणीला प्रत्येक पुडीतले निम्मेच दाणे घ्यावेत आणि एका कणसाची एक ओळ पेरावी. ओळीला तोच क्रमांक द्यावा. उरलेले निम्मे दाणे पुडीतच जपावेत. पीक उभे राहिले की कोणत्या कणसाची संतती एकजात मूळ वाणासारखी आली आणि कोणत्या ओळीत बुटकी, मोकळ्या कणसाची ताटे फुटून निघाली, हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. चांगल्या ओळींचे क्रमांक लिहून घ्यावेत. मात्र त्या ओळींतले बी पेरू नये, कारण शेजारच्या वाईट ओळींचा पराग त्यांना लागलेला असतो. पुढच्या वर्षी चांगल्या क्रमांकांच्या पुड्यांमधले राखून ठेवलेले दाणे एकत्र करून वेगळ्या तुकड्यात पेरावेत. पुड्यांतले निम्मे दाणे मागे ठेवण्यामागचे इंगित हे आहे. या कामात गावातल्या जुन्या जाणत्या माणसाला, विशेषतः बाईला, ओळींतून फिरवून आणावे. मूळ वाण कसा होता, हे तिच्या डोळ्यांत असते.

इतर धान्यांबद्दल थोडक्यात

बाजरीत परपराग फार मोठ्या प्रमाणात असतो, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याला वाण राखणे जमत नाही. वाडीने किंवा शिवारातल्या एका भागाने मिळून एकच वाण घ्यावा आणि दोनशेच्या वर कणसांतून बी काढावे. बाजरीचे बी २० टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात २ किलो मीठ, बुडवून तरंगणारे दाणे आणि अरगट या बुरशीच्या गाठी काढून टाकाव्यात आणि खाली बसलेले बी साध्या पाण्याने धुऊन वाळवावे. खपली आणि बन्सी गव्हात भेसळीचा धोका परागापेक्षा खळ्यावरचा अधिक असतो. दोन वाणांत तीन मीटरची पट्टी मोकळी ठेवली आणि मळणी वेगळी केली की झाले. हरभऱ्यातही खळ्यावरची भेसळच सांभाळावी. तुरीवर मात्र मधमाश्या हिंडतात, म्हणून तिला ज्वारीसारखेच अंतर हवे.

नोंद आणि हक्क

एक वही करावी. वाणाचे गावातले नाव, बी कोणाकडून आणि कधी आले, जमीन, पेरणीची, निसवण्याची आणि काढणीची तारीख, कणसाचा आणि तुसाचा रंग, कडब्याची गोडी, भाकरी कशी होते आणि शिळी कशी लागते, हे सर्व दरवर्षी लिहावे. एकाच नावाने दोन तालुक्यांत दोन वेगळे वाण असतात आणि एकाच वाणाला दोन नावे असतात. वहीशिवाय हा गुंता सुटत नाही.

या वहीचा कायद्यातही उपयोग आहे. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा २००१चा आहे. त्याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बियाणे छापील वेष्टनात, नाव लावून विकता येत नाही, एवढेच बंधन आहे. शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी याच कायद्याखाली करता येते, तिला शुल्क नाही, आणि ज्वारीसारख्या पिकाला १५ वर्षांचे संरक्षण मिळते. अर्जासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राची किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील ज्वार संशोधन केंद्राची मदत घ्यावी. वाण एका घराचा नसून गावाचा असेल, तर अर्जही गावाच्या नावानेच करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. भौगोलिक मानांकन ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. ते ठरावीक भागातल्या मालाच्या नावाला मिळते, आणि ते नाव लावून माल विकायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते.

बी देणे-घेणे

गावात बियाण्याची देवाणघेवाण सुरू करायची तर नियम थोडे आणि लेखी असावेत. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाची सुरुवातही घरच्या बियाण्यांपासूनच झाली, हे नव्याने सुरू करणाऱ्या गटांनी ध्यानात ठेवावे. एक किलो बी नेणाऱ्याने सुगीनंतर दीड किलो परत करावे, हे प्रमाण बहुतेकांना झेपते. जुन्या लोकांना यात सावकाराची दिढी आठवेल, म्हणून वाढीव अर्धा किलो कोणाच्या घरी न जाता पुढच्या शेतकऱ्याला जाईल, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकावे. परत येणारे बी डोळे झाकून घेऊ नये. नेणाऱ्याच्या रानात फुलोऱ्याच्या आणि काढणीच्या वेळी गटातल्या दोघांनी एकेक फेरी मारावी, चिंधीच्या ताटांचेच बी परत घ्यावे, आणि ज्याच्या रानात मिसळ दिसेल त्याच्याकडून बी न घेता खाण्याची ज्वारी घ्यावी. पहिल्या वर्षी एकच वाण आणि पाच घरे एवढ्यावरच थांबावे. देताना पुडीत चिठ्ठी घालावी, तिच्यावर वाणाचे नाव, गाव, सुगीचे वर्ष आणि उगवणीचा आकडा लिहावा, आणि पुडीबरोबर चार लाल चिंध्याही द्याव्यात.